वाफ धुराड्यातनं जाते कुठं? डेन्मार्कचा हीट पंप आणि भूमची खवा भट्टी

(ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं अशा मित्रांसाठी या भागाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरावृत्ती काढली आहे, आकडे पुन्हा तपासून लिहिले आहेत.)

 

आजचा विषय मला माझ्या मामानं दिला. मामाची भूम तालुक्यात खव्याची भट्टी आहे. दिवाळीत गेलो होतो तेव्हा भट्टीवर बसून फोनवर एक व्हिडिओ बघत होतो. डेन्मार्कमधल्या एका शहरानं कोळशाचं केंद्र बंद केलं आणि समुद्राच्या थंड पाण्यातून उष्णता काढून अख्ख्या शहराची घरं गरम करायला सुरुवात केली, असा तो व्हिडिओ. मामानं मागून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "थंड पाण्यातनं गरमी काढायलेत? मग माझ्या भट्टीचं लाकूड वाचंल का रं त्यानं? लई लाकूड लागायलंय बघ."

मी इंजिनिअर. म्हणजे सॉफ्टवेअरवाला, पण गावाकडं इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. मोटर जळली तरी मला विचारतात. मी म्हणालो, "वाचेल की मामा." आणि मग पुण्याला परत येताना बसमध्ये हिशोब मांडला, तर लक्षात आलं की मी थाप मारून आलोय. म्हणजे पूर्ण थाप नाही, पण उत्तर तेवढं सोपं नाही. आजचा भाग म्हणजे मामाला द्यायचं खरं उत्तर.

विहीर आणि मोटर

हीट पंप या नावातच उत्तर आहे. पंप. आपल्या जिल्ह्यात पंप म्हणजे काय हे कुणाला शिकवायची गरज नाही.

विहिरीत पाणी आहे. मोटर पाणी तयार करत नाही, फक्त खालचं पाणी वर आणते. वीज लागते ती उचलण्यासाठी. विहीर चाळीस फुटांची असेल तर वीज कमी लागते, सहाशे फुटांचा बोअर असेल तर तेवढ्याच पाण्याला कितीतरी जास्त.

हीट पंप उष्णतेचं हेच करतो. उष्णता कोमट किंवा थंड जागेत पडलेली असते, तिथून उचलून तो जास्त तापमानाच्या जागेत टाकतो. दहा अंशांच्या समुद्राच्या पाण्यातसुद्धा उष्णता असते, फक्त ती "खोल" असते. आपल्याला हवी ती ऐंशी-नव्वद अंशांवर.

आता हे होतं कसं? घरातल्या फ्रिजच्या मागं किंवा बाजूला हात लावून बघा. गरम लागतं. ती उष्णता आतल्या दुधाची आणि भाजीची. आत एक असं द्रव फिरतं जे अगदी थंडीतही उकळतं. उकळताना ते आजूबाजूची उष्णता शोषतं, त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबली की ती तापते, सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं तसं. ती तापलेली वाफ बाहेरच्या नळीत पुन्हा द्रव होते आणि सगळी उष्णता तिथं सोडते. फ्रिज, एसी, हीट पंप, तिन्ही एकच यंत्र. तुम्हाला थंड बाजू हवी की गरम, एवढाच फरक.

एक युनिट वीज घालून किती युनिट उष्णता मिळाली, या आकड्याला सीओपी म्हणतात. साधा हीटर एक युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप तीन, चार, कधी पाचही देतो, कारण बाकीची उष्णता फुकट उचललेली असते. पण हा आकडा विहिरीच्या खोलीवर ठरतो. चाळीस अंशांची उष्णता सत्तरवर न्यायची असेल तर तीस अंशांची उचल. तिथं चांगल्या यंत्राला पाचच्या आसपास सीओपी मिळू शकतो. पंधरावरून ऐंशीवर न्यायची असेल तर पासष्ट अंशांची उचल, मग तोच आकडा तीनच्या खाली येतो.

एवढं लक्षात ठेवा: उचल जितकी कमी तितकं बिल कमी. पुढचा सगळा भाग यावरच आहे.

अख्ख्या गावाचा एकच बंब

आता डेन्मार्क. तिकडं घराघरात बंब नसतो. शहरात एक मोठं केंद्र असतं, तिथं पाणी तापवतात आणि रस्त्याखालून घातलेल्या, वरून जाड आवरण असलेल्या पाइपांतून ते घरोघरी जातं. घरात त्याची उष्णता काढून घेतली की तेच पाणी कोमट होऊन परत केंद्रात येतं. याला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. डेन्मार्कमधली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा पाइपांवर आहेत. आपल्याकडं नळपाणी योजना असते, तशी त्यांची गरमपाणी योजना समजा.

वर्षानुवर्षं या केंद्रांत कोळसा, गॅस, कचरा, लाकूड जाळलं गेलं. हीट पंप तिथं नवा नाही. स्टॉकहोममधलं हॅमरबी केंद्र १९८०च्या दशकापासून चालू आहे. तिथं ७ हीट पंप आहेत, एकूण क्षमता २२५ मेगावॉट, आणि उष्णता येते शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून. लोक गरम पाण्यानं आंघोळ करतात, ते पाणी गटारात जातं, शुद्ध होतं, आणि त्यात उरलेली ऊब पुन्हा त्यांच्याच घरात जाते. व्हिएन्नानं २०२३ मध्ये सांडपाणी केंद्राशेजारी असाच प्रकल्प सुरू केला. पहिला टप्पा ५५ मेगावॉटचा, सुमारे ५६,००० घरांसाठी.

मी व्हिडिओत बघत होतो ते शहर एसबियर, डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. तिथलं कोळशाचं केंद्र २०२४ मध्ये बंद झालं. त्याच्या जागी ७० मेगावॉटचा समुद्राच्या पाण्यावरचा हीट पंप आला, सुमारे २५,००० घरांसाठी. आत फिरणारा वायू आहे कार्बन डायऑक्साइड. हा वायू गळला तरी समुद्राचं नुकसान करत नाही. पण एक गोष्ट व्हिडिओवाले घाईत सांगतात: एसबियरनं जोडीला लाकडाच्या चिप्सचा ६० मेगावॉटचा बॉयलरही ठेवला आहे. कडाक्याच्या थंडीत किंवा वारा पडून वीज महागली की तो कामाला येतो. म्हणजे हीट पंप आला आणि जाळणं संपलं, असं नाही. जाळणं कमी झालं.

आणखी एक उदाहरण, खास तुमच्यासाठी. डेन्मार्कमधल्याच ओडेन्स शहरात मेटाचं डेटा सेंटर आहे. तुम्ही रील बघता तेव्हा कुठला तरी सर्व्हर तापतो. तिथल्या सर्व्हरची कोमट हवा हीट पंपातून जाते आणि शहराच्या पाइपांत पोचते. मी कोड लिहितो, तो चालतो अशाच सर्व्हरवर, आणि आपल्याकडं ती उष्णता गच्चीवरच्या पंख्यांतून सरळ आकाशात जाते.

धुराड्यातलं पाणी

आता जी गोष्ट मामाच्या भट्टीशी जोडलेली आहे ती ऐका. मला हीच सगळ्यात भारी वाटली.

स्वीडन-डेन्मार्कमधली बरीच केंद्रं ओल्या लाकडाच्या चिप्स जाळतात. ओलं लाकूड जळताना आधी त्यातलं पाणी उकळतं. चूल पेटवलेल्या कुणालाही हे माहीत आहे: ओलं सरपण म्हणजे नुसता धूर आणि डोळ्यात पाणी. ती सगळी वाफ धुराड्यातून बाहेर जाते. आणि पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. एक किलो पाणी पंचवीस अंशांवरून शंभरवर न्यायला ०.०९ युनिट पुरतं. पण शंभर अंशांच्याच पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट, म्हणजे सातपट.

ही उष्णता हरवत नाही. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती जशीच्या तशी परत मिळते. म्हणून ही केंद्रं धूर बाहेर सोडण्याआधी त्याला घरांतून परत आलेल्या कोमट पाण्यानं थंड करतात. पण परत आलेलं पाणी चाळीस-पन्नास अंशांचं असलं तर धुरातली सगळी वाफ थंड होत नाही, निम्मीशिम्मी निसटते. इथं हीट पंप बसवतात. तो त्या पाण्याला आणखी थंड करतो, थंड पाणी धुरातली आणखी वाफ पकडतं, आणि काढलेली उष्णता हीट पंप पुन्हा घरांकडं जाणाऱ्या पाण्यात टाकतो. तेवढ्याच लाकडात जास्त घरं. यात उचल कमी, उष्णतेचा झरा केंद्रातच, आणि गिऱ्हाईक दारात.

इथं मला पहिल्यांदा भट्टी डोळ्यासमोर आली. खवा करणं म्हणजे काय? दुधातल्या पाण्याची वाफ करून ती छपराकडं सोडणं. दुसरं काही नाही.

मामाच्या कढईचा हिशोब

आता आकडे. फोन खिशात ठेवा, मी हळू सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भूम, वाशी, कळंब, परंडा हा सगळा खव्याचा पट्टा. कुंथलगिरीचा पेढा आणि खवा तुम्ही खाल्ला असेलच, त्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून इथं जनावरं आणि दूध. आणि दूध लांबच्या शहरात पोचेपर्यंत नासण्यापेक्षा आटवून खवा केलेला बरा. कित्येक घरांची पोरं या भट्टीवर शिकली. मीही त्यातलाच म्हणा, माझ्या पहिल्या लॅपटॉपचे निम्मे पैसे मामाचे होते.

समजा म्हशीचं १०० लिटर दूध आहे. त्याचा वीस-बावीस किलो खवा होतो. म्हणजे साधारण ८० किलो पाणी उडवायचं.

दूध पंचवीस अंशांवरून उकळीला आणायला लागतात सुमारे ८ युनिट उष्णता. ८० किलो पाणी उडवायला ५० युनिट. एकूण ५८.

सुक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट उष्णता असते. पण उघड्या भट्टीत ती सगळी कढईला मिळत नाही. बरीच बाजूनं जाते, धुरात जाते, मामाच्या आणि मामीच्या अंगावर जाते. पाचवा हिस्सा कढईला मिळतो असं धरू. मग किलोला ०.८ युनिट. ५८ भागिले ०.८, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलो लाकूड. वीस-बावीस किलो खव्यासाठी. दुष्काळी जिल्ह्यात.

आता साधा हीट पंप आणला. बाजारात सहज मिळणारे हीट पंप पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवतात. त्यानं दूध उकळणार नाही. फार तर कढईत टाकण्याआधी दूध पासष्ट अंशांवर आणता येईल. त्यात वाचतात साडेचार युनिट. ५८ पैकी साडेचार. आठ टक्के सुद्धा नाही.

म्हणजे "वाचेल की मामा" याचा खरा अर्थ निघाला: पंच्याहत्तर किलोतलं पाच-सहा किलो वाचेल, आणि वर लाखाच्या घरातलं यंत्र घ्यावं लागेल. मामानं मला भट्टीवरनं हाकलून दिलं असतं आणि ते बरोबरच होतं.

मग मोठी गळती कुठं आहे?

गळती दोन ठिकाणी आहे. पहिली कढईच्या खाली, दुसरी कढईच्या वर.

खालची गळती म्हणजे ते पाचातले चार हिस्से, जे कढईला लागतच नाहीत. यावर इलाज हीट पंप नाही. इलाज म्हणजे चांगली बंदिस्त भट्टी, किंवा छोटा बॉयलर आणि दुहेरी बुडाची, वाफेवर चालणारी कढई. एका बॉयलरवर चार-पाच कढया. लाकडातली निम्मी उष्णता जरी दुधापर्यंत पोचली तरी पंच्याहत्तर किलोच्या जागी तीस किलो लाकूड लागेल. मामीच्या डोळ्यातला धूर जाईल तो वेगळाच.

पैशातही बघा. समजा लाकूड ६ रुपये किलो आणि वीज ८ रुपये युनिट. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, ते घालून बघा. उघड्या भट्टीत दुधाला लागणारी एक युनिट उष्णता साडेसात रुपयांना पडते. बॉयलरवर तीच ३ रुपयांना. सीओपी तीन असलेल्या हीट पंपावर २ रुपये ६७ पैशांना. म्हणजे उघड्या भट्टीशी तुलना केली की हीट पंप हिरो दिसतो. चांगल्या बॉयलरशी तुलना केली की दोघं बरोबरीत. आणि नव्वद अंशांपर्यंत उचलायला सांगितलं, सीओपी दोनवर आला, की हीट पंप ४ रुपयांवर जाऊन हरतो.

हा मुद्दा कोणीही यंत्र विकायला आलं की लक्षात ठेवा. तो नेहमी तुमच्या सगळ्यात वाईट भट्टीशी तुलना करून दाखवणार. तुम्ही सुधारलेल्या भट्टीशी तुलना करायला सांगा.

आता वरची गळती. ती ५० युनिटची वाफ. बॉयलर लावला तरी ती छपरातून जातेच. आणि इथं हीट पंपाचा एक वेगळा भाऊ कामाला येतो. त्याचं नाव मेकॅनिकल व्हेपर रिकम्प्रेशन, थोडक्यात एमव्हीआर. यात वेगळं द्रव फिरवायचं नाही. दुधातून निघालेलीच वाफ पकडायची, मोठ्या पंख्यासारख्या कॉम्प्रेसरनं थोडी दाबायची. दाबली की तिचं तापमान पाच-सात अंशांनी वाढतं. तीच वाफ मग त्याच दुधाला बाहेरून गरम करते आणि स्वतः पाणी होऊन टपकते. एकदा सुरू झालं की जवळजवळ नवं इंधन लागत नाही, लागते ती कॉम्प्रेसरची वीज.

विहिरीची गोष्ट आठवा. इथं उचल किती? पाच-सात अंश. म्हणजे पाणी काठाला आलेली विहीर. म्हणूनच हा प्रकार इतका स्वस्तात चालतो. एक टन पाणी उडवायला साध्या पद्धतीनं ६०० हून जास्त युनिट उष्णता लागते. मोठ्या दूध पावडर प्लांटमधला एमव्हीआर तेच काम दहा ते पंचवीस युनिट विजेत करतो. छोटं यंत्र दुपटीनं वाईट धरलं तरी हिशोब बसतो.

पण खवा म्हणजे पावडर नाही. शेवटच्या टप्प्यात दूध घट्ट होतं, खाली लागायला लागतं, तिथं कढई, सराटा आणि मामाचा हातच पाहिजे. दाणा आणि तो खमंग वास तिथंच येतो. म्हणून बंद यंत्रात दूध तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आटवायचं, ८० पैकी साठ-पासष्ट किलो पाणी तिथंच काढायचं, आणि राहिलेलं पंधरा-वीस किलो कढईत. चव कढईची, मेहनत यंत्राची.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. असं यंत्र दिवसाला दोन-तीनशे लिटर दुधाच्या एका भट्टीला परवडत नाही. त्याला दिवसाला हजारो लिटर पाहिजे. म्हणजे एका गावाच्या सगळ्या भट्ट्यांचं दूध एकत्र.

आणि इथं मला डेन्मार्कचा खरा धडा कळला. एसबियरमध्ये कुणाच्या घरात ७० मेगावॉटचा हीट पंप नाही. पाइप सगळ्यांचा एक आहे, म्हणून एवढं मोठं यंत्र परवडतं. आपल्याकडं घरं गरम करायची गरज नाही, मे महिन्यात देवानं ती योजना फुकट दिलेली आहे. पण "सगळ्यांचं मिळून एक केंद्र" हा भाग आपल्याला नवा नाही. दूध संस्था म्हणजे तेच. आटवण्याचं काम सामाईक केंद्रात, आणि शेवटची घोटणी ज्याच्या त्याच्या कढईत, असं का होऊ नये?

डेअरीत मात्र आजच

खव्यापेक्षा सोपी जागा म्हणजे दूध शीतकरण केंद्र. गावोगावी आहेत.

सकाळी ५,००० लिटर दूध येतं, पस्तीस अंशांचं. ते चार अंशांवर न्यायचं. त्या दुधातून काढायची उष्णता होते १७० युनिटच्या वर. कूलर ती काढतो, स्वतःच्या कॉम्प्रेसरची उष्णता त्यात मिळवतो, आणि सव्वादोनशेच्या आसपास युनिट उष्णता मागच्या पंख्यानं उन्हात फेकतो. आणि त्याच आवारात, भिंतीच्या पलीकडं, कॅन आणि टाकी धुवायला गरम पाणी हवं म्हणून लाकूड किंवा डिझेल जळत असतं.

एकीकडं उष्णता फेकायला वीज, दुसरीकडं उष्णता करायला लाकूड. एकाच छपराखाली! ती फेकलेली उष्णता पाण्यात घेतली तर सहा हजार लिटरच्या वर पाणी पंचवीसवरून पंचावन्न अंशांवर जातं. दोन्ही बाजू वापरणारी यंत्रं देशातल्या मोठ्या डेअऱ्यांत बसायला लागली आहेत. इथं उचल कमी, थंड आणि गरम दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक, आणि वर्षाचे ३६५ दिवस काम. हीट पंपासाठी याच्याइतकी चांगली जागा आपल्या जिल्ह्यात मला दुसरी दिसत नाही.

आणि डेअरीत इंधन वाचवायचे प्रयोग आपल्या शेजारी जुने आहेत. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ मध्ये 'अरुण' नावाची १६० चौरस मीटरची सूर्याकडं वळणारी तबकडी बसली, दूध पाश्चराइज करताना लागणारं फर्नेस ऑइल कमी करायला. ती घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते प्राध्यापक शिरीष केदारे पुढं आयआयटी मुंबईचे संचालक झाले. सूर्य रात्री नसतो, दूध मात्र पहाटेच येतं. त्यामुळं ऊन आणि हीट पंप हे भांडणारे नाहीत, पाळीनं काम करणारे आहेत.

आणि साखर कारखाना?

कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. ढोकीपासून चोराखळीपर्यंत आपल्याकडं कारखाने आहेत. बगॅस जाळून वाफ, वाफेवर साखर आणि वीज. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. एक किलो बगॅस जाळून हाताला लागते साधारण दोन युनिट उष्णता, आणि धुराड्यातून वाफेच्या रूपानं जवळपास अर्धा युनिट निघून जातं. शिवाय पॅनमधली शेवटची वाफ थंड करायला जे पाणी फिरतं, ते गरम होऊन स्प्रे पॉन्डमध्ये उडत असतं. हंगामात कारखान्याजवळून गेलात तर त्या कारंज्यांवर धुकं दिसेल. ते आपलं समुद्राचं पाणी समजा, तेही डेन्मार्कपेक्षा कितीतरी गरम.

मग तिथं हीट पंप का नाही? कारण कारखान्याला कोमट उष्णतेची कमतरताच नाही. तिला गिऱ्हाईक नाही. डेन्मार्कमध्ये गिऱ्हाईक म्हणजे शहर. आपल्याला ते तयार करावं लागेल: शेजारी हळद, कांदा किंवा बेदाणा वाळवण्याचं केंद्र, किंवा बॉयलरमध्ये जाण्याआधी बगॅसच वाळवणं. कारखान्यांना असे फेरबदल जमत नाहीत असं म्हणू नका. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं इथेनॉल प्रकल्पात बदल करून ऑक्सिजन तयार केला होता. गरज दिसली की मार्ग निघतो. वाया जाणाऱ्या उष्णतेची गरज दिसत नाही, कारण ती डोळ्याला दिसतच नाही.

मामाला काय सांगितलं

मागच्या आठवड्यात मामाला फोन केला. म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं."

मामा म्हणाला, "मला ठावं होतं. तू लवकर हो म्हणालास तवाच कळलं."

मग सांगितलं. एक, हीट पंप आत्ता घेऊ नका. दोन, भट्टी बंदिस्त करा, जमलं तर दोघा-तिघांत मिळून बॉयलर आणि दुहेरी बुडाच्या कढया बघा, निम्म्याहून जास्त लाकूड तिथंच वाचतं. तीन, दूध जिथं घालता त्या शीतकरण केंद्रात विचारा, मागच्या पंख्यातनं जी गरम हवा जाते तिचं काय करता. चार, गावातल्या भट्टीवाल्यांनी एकत्र बसायचं ठरलं तर मला बोलवा, आटवण्याच्या सामाईक केंद्राचा हिशोब मी मांडून देतो.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "चौथं अवघड हाय. यंत्राचं नाही, माणसांचं." बरोबर आहे. डेन्मार्कमध्येही पाइप टाकायच्या आधी माणसं एकत्र बसली असणार.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या घरी, गावात, कंपनीत अशी जागा शोधा जिथं एका बाजूला काहीतरी थंड करताय आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी तापवताय. हॉटेल असेल, हॉस्टेल असेल, मंगल कार्यालय, बर्फाचा कारखाना. तीन आकडे लिहा: फेकलेली उष्णता किती अंशांवर आहे, हवी ती किती अंशांवर, आणि दिवसातून किती तास दोन्ही एका वेळी लागतात. आधी मात्र बघा की साधी गळती बुजवता येते का. हे आकडे मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्यातल्या दोन-तीन जागांचा हिशोब सगळ्यांसमोर मांडू.

आणि हो, मामानं फोन ठेवताना विचारलं, "त्या डेन्मार्कात खवा मिळतो का रं?" मिळत असेल तर कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.